शेवटची ओळ वाचता येते

पुणे, २० ऑक्टोबर २०२४

ती. स्व. मावशी व दिगंबरकाका यांस,
रेवतीचा शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याला फोन झाला, पण फोनवर मावशी मला जेवलीस का, झोपलीस का यापलीकडे जाऊ देत नाही. म्हणून हे पत्र. काका, तिला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

आमच्या संस्थेकडे तुमच्या मध्य प्रदेशचं एक काम आलंय. डोळ्यांच्या सेवेवर सरकारनं पैसे का घालावेत याचं टिपण लिहायचं आहे. दयेपोटी घालावेत हे सगळेच सांगतात, वित्त खातं मान डोलावतं आणि फाईल बाजूला ठेवतं. आम्हांला दाखवायचं आहे की घातलेला पैसा परत येतो. चष्मा मिळाला की शिलाईवाली बाई दिवसाला किती जास्त शिवते, मोतीबिंदू काढला की मेकॅनिक आणखी किती वर्षं कमावतो, फळा दिसायला लागला की पोर किती इयत्ता पुढं जातं. आकडे चांगले येतायत. गेले चार महिने मी याशिवाय दुसरं काही केलेलं नाही. आई गेल्यापासून आकडेच बरे वाटतात.

अडतंय एका जागी. साठीपुढच्या, घर सांभाळणाऱ्या बाईची दृष्टी गेली तर आमच्या पद्धतीत तोटा शून्य येतो, कारण ती कमावतच नव्हती. म्हणजे मावशी, तुझा तोटा शून्य. रागावू नकोस, पद्धत मी शोधलेली नाही. पण मला ती खोडून काढायची आहे. म्हणून काका, एक काम कराल? मावशी दिवसभरात काय काय करत होती आणि आता त्यातलं कोण करतं, हे तासांत लिहून द्या. तीस-पस्तीस वर्षं तुम्ही कारखान्यात इन्स्पेक्टर होतात. तुमच्याइतकं मोजूनमापून मला कोण देणार?

मावशी, दिवाळीचा चिवडा मी विकतचा आणलाय. ओरड, पण पत्रानं ओरड.

दोघांचा हात डोक्यावर आहेच, तो तिथंच असू द्या.
तुमची,
रेवती


आनंद नगर, भोपाळ, ६ नोव्हेंबर २०२४

चि. रेवतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सोबतचा पहिला कागद तुझ्या मावशीनं सांगितला तसा लिहिला आहे. विकतच्या चिवड्याबद्दल ती जे म्हणाली ते थोडं सौम्य केलं. हा दुसरा कागद माझा आहे आणि तो तिला वाचून दाखवलेला नाही.

या घरात आलेलं प्रत्येक पत्र आधी ती फोडायची. माझ्या नावाचं असलं तरी. मी ड्यूटीवरून येईपर्यंत मजकूर तिला पाठ असायचा आणि चहाबरोबर ती तो मला सांगायची. आता पत्र टेबलावर उघडं ठेवलं तरी चालतं. फोनवर बोलायची सोय नाही, कारण ती शेजारी बसलेली असते आणि तिचे कान शाबूत आहेत. तिच्यापासून लपवायचं असेल तर कागदावर लिहायचं, अशी वेळ आली आहे.

तास मागितलेस ते देतो. स्वयंपाक, धुणंभांडी आणि बाजार मिळून पाच तास. कॉलनीतल्या दोन मुलींना ती मराठी शिकवायची, तो एक. ब्लाउज शिवायची, त्याचा सरासरी दीड. माझी औषधं, बँक, वीजबिल, गॅस ही कामं ती मधल्या वेळात उरकायची, त्यामुळे त्यांना वेळ लागतो हेच मला माहीत नव्हतं. आता ती मी करतो आणि त्यांना दीड तास लागतो. एकूण नऊ झाले. यांपैकी शिकवणी आणि शिलाई बंद आहे. बाकीचं माझ्याकडे आहे. शिवाय तिच्याबरोबर असण्याचा वेळ वेगळा. तो मोजायचा कसा हे तूच कळव.

निवृत्तीनंतर गोविंदपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये मी माल तपासायला जात होतो. अठरा हजार मिळत. मागच्या वर्षी ते सोडलं. तिची दृष्टी गेली आणि नोकरी माझी गेली. हे तुझ्या तक्त्यात बसत असेल तर बसव.

यंदा खंडेनवमीला शस्त्रपूजा केली. व्हर्नियर, मायक्रोमीटर, पक्कड मांडली, हळदकुंकू वाहिलं. तक्ता मात्र काढला नाही. तुला तो आठवत असेल. कारखान्याच्या दवाखान्यानं टाकून दिलेला डोळे तपासायचा तक्ता मी घरी आणला होता. दरवर्षी पूजा झाली की पॅसेजमध्ये सहा मीटर टेपनं मोजून खडूची रेघ मारायची आणि घरातल्या प्रत्येकानं एका डोळ्यावर वाटी धरून वाचायचं. सुटीत आलीस की तुलाही उभं करायचो. मी वहीत तारीख, नाव आणि ‘ठीक’ असं लिहायचो. मोजमापाच्या गेजची तपासणी होते तर माणसांची का नको, असं माझं म्हणणं असे.

२०२१च्या खंडेनवमीला तिनं शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. वहीत ‘ठीक’ आहे. तीन महिन्यांनी जवाहर चौकात ती डावीकडून येणाऱ्या हातगाडीवर जाऊन आदळली. गाडी कांद्यांची होती, हळूहळू चालली होती आणि तिला ती दिसलीच नव्हती.

आता माझं मागणं. तुझ्या मावशीला काचबिंदू आहे. तुझ्या उज्जैनच्या आजीची शेवटची सात-आठ वर्षं अंधारात गेली, त्याला सगळे वय झालं म्हणत. आता मला तसं वाटत नाही. तुझी आई तपासणीआधीच गेली. डॉक्टर म्हणाले की हे रक्तातून येतं, चाळिशीनंतर जवळच्या सगळ्यांनी डोळ्यातला दाब आणि नजरेचा परीघ तपासून घ्यावा. तू चव्वेचाळीस वर्षांची आहेस. तास दिले, त्याबदल्यात तपासणी कर आणि कळव.

तब्येतीस जप, आमची काळजी कमी कर.
दिगंबरकाका


पुणे, २४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पद्धतीनं मीही दोन कागद पाठवतेय. पहिला मावशीला वाचा. त्यात माझ्या स्वयंपाकाची यथेच्छ निंदा आहे, तिला आवडेल.

तास मिळाले. मी ते तीनदा वाचले आणि तक्त्यात भरले. भरताना मला काहीच झालं नाही, याचंच मग वाईट वाटलं. शिवणकामाला बाजारभाव लावता येतो, शिकवणीलाही. तुमचे अठरा हजार तर सरळच बसतात. मावशीचा शून्य आता शून्य राहिलेला नाही. टिपणात नाव न घालता तुमचं घर उदाहरण म्हणून घेऊ का? ‘वेळेत तपासणी झाली असती तर टळलं असतं’ असं मी लिहिलंय. ते बरोबर आहे ना?

माझ्या तपासणीचं म्हणाल तर टिपण जानेवारीत द्यायचं आहे, त्यानंतर नक्की. मला लांबचं, जवळचं सगळं दिसतं. परवा चष्म्याच्या दुकानात सहज उभी राहिले, शेवटची ओळ घडाघडा वाचली. तुमच्या वहीत असते तर ‘ठीक’ मिळालं असतं.

मावशीला सांभाळताना स्वतःकडेही बघा, एवढं ऐकाच.
रेवती


आनंद नगर, भोपाळ, १५ डिसेंबर २०२४

चि. रेवतीस,
अनेक आशीर्वाद.

नेहमीप्रमाणे दुसरा कागद.

शेवटची ओळ वाचलीस हे लिहून तू मला घाबरवलंस. तक्ता समोरची नजर मोजतो. काचबिंदू कडेनं खात येतो आणि मधली नजर अगदी अखेरीला घेतो. माणूस तक्ता वाचत राहतो. हे मला डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं, तेव्हा मी बहात्तर वर्षांचा होतो. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की मापाला योग्य ते हत्यार घ्या, व्यास मोजायला फूटपट्टी चालत नाही. आणि घरात अठ्ठावीस वर्षं चुकीच्या हत्यारानं मोजत राहिलो.

टळलं असतं का, विचारलंस. हो. २०१९ साली इथं कॉलनीच्या हॉलमध्ये डोळ्यांचं शिबिर होतं, दाब तपासायचं यंत्र आणलं होतं, फुकट. तुझी मावशी चप्पल घालून तयार होती. तिथं तासभर रांगेत कशाला उभं राहायचं, आपल्याकडे दरवर्षी तपासणी होते, असं मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो नाही. शिबिरातल्या डॉक्टरला जाऊन माझी वही दाखवली. तो भला माणूस होता, त्यानं कौतुक केलं. त्या वर्षापासून ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायची, कपबशीच्या बाहेर चहा ओतायची. मी तिला वेंधळी म्हणायचो. पाहुण्यांसमोरही.

मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तेव्हा सापडलं असतं तर थेंबांवर भागलं असतं. मी तिला सांगितलं की वयामुळं झालं, कुणाच्या हातात काही नव्हतं. ती बरं म्हणाली. तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही. सकाळी उठतो, गॅस पेटवतो, तिला ताट देताना भात कुठं, भाजी कुठं ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणं सांगतो. रडू येत नाही. यायला हवं होतं असं वाटतं, तेही डोक्यानं वाटतं.

उदाहरण खुशाल घे. कारण म्हणून शिबिराचं लिही. फक्त तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस. आणि जानेवारीची वाट पाहू नकोस. सहज एखाद्या सकाळी जाऊन ये. मी हात जोडून सांगतोय असं समज.

उत्तरात तपासणीची तारीख असावी, बाकी काही नसलं तरी चालेल.
दिगंबरकाका


पुणे, २६ जानेवारी २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

टिपण द्यायला भोपाळला आले त्या दिवशी तुमच्याकडे जेवले तेव्हा मावशीसमोर बोलता येईना, म्हणून आता लिहिते.

टिपण सादर झालं. शाहपुऱ्यातल्या गेस्ट हाऊसवरून निघताना मी आरशासमोर दोनदा बोलून पाहिलं होतं. चष्मे मंजूर होतील, मोतीबिंदूचंही होईल. तिथं पैसा लवकर परत येतो आणि दाखवता येतो. चाळिशीपुढच्या सगळ्यांच्या दाब तपासणीचं पान मात्र वित्त खात्याच्या साहेबांनी काढायला लावलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी विचारलं की तपासल्यामुळे ज्याची दृष्टी गेलीच नाही, त्याचा फायदा आम्ही विधानसभेत कुठून दाखवणार? जो आंधळा झाला नाही त्याचा फोटो कसा काढायचा? सगळे हसले. मीही हसले. आणि पान काढलं. मावशीचं उदाहरण त्याच पानावर होतं.

संध्याकाळी तुमच्याकडे आले. मावशीनं माझं तोंड चाचपून मी वाळल्याचं सांगितलं. मी तिच्या हातची म्हणून जी पोळी खाल्ली ती तुम्ही केलेली होती, हे मला कळत होतं.

तपासणी राहिली आहे. मार्चअखेर संस्थेचे हिशोब असतात. एप्रिलमध्ये जातेच. खरंच मला काही त्रास नाही, काका. नुसती पार्किंगमध्ये गाडीची डावी बाजू दोनदा खरचटली, पण ती पार्किंगच तसली आहे.

राग आला तरी लिहा, अबोला नको.
रेवती


आनंद नगर, भोपाळ, ८ फेब्रुवारी २०२५

चि. रेवतीस,
मावशीचे खूप खूप आशीर्वाद.

अक्षर पाहून दचकू नकोस. तुझ्या काकांची स्टीलची पट्टी कागदावर ठेवते, तिच्या कडेनं लिहिते, मग बोटभर खाली सरकवते. एखादी ओळ दुसरीवर चढली असेल तर समजून घे. दृष्टी गेली म्हणजे लिहिता येत नाही असं या घरात सगळ्यांनी धरून ठेवलंय. मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तुमचे दुसरे कागद मी वाचले. म्हणजे शेजारच्या मंजूषाताईंकडून वाचून घेतले. काका पत्र वाचायला बसले की घड्या दोन उलगडलेल्या ऐकू येतात आणि वाचतात मात्र एकच. कागद कुठं ठेवत असतील हे ओळखायला डोळे लागत नाहीत, खंडेनवमीच्या वहीतच असणार. तुझे कागद आणि इन्स्पेक्टरच्या सवयीनं ठेवलेल्या त्यांच्या स्वतःच्या पत्रांच्या नकला, दोन्ही तिथंच निघालं. परवा ते माझे थेंब आणायला जवाहर चौकात गेले तेव्हा मंजूषाताईंना बोलावलं. वाचता वाचता त्याच रडायला लागल्या, त्यांना मीच पाणी दिलं.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? वेंधळी म्हटल्याचा नाही, ते तर मी लग्नापासून ऐकते. दोघं मिळून माझ्याच डोळ्यांबद्दल माझ्या पाठीमागं बोलत होतात, याचा आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना वाटलं माझं पोट बिघडलंय, त्यांनी मऊ भात केला. मग मी सांगून टाकलं की मला सगळं कळलंय. ते वही काढून खुर्चीत बसले. मी त्यांना वही फाडू नका म्हणून सांगितलं.

आता जे त्यांनाही सांगितलंय ते तुला सांगते. २०१९च्या शिबिराला जायला त्यांनी नको म्हटलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. मला जायचं असतं तर यांच्या बापालाही अडवता आलं नसतं, तू मला ओळखतेस. मी चप्पल घातली होती आणि कुणीतरी नको म्हणावं असं आतून वाटत होतं. डावीकडचं कमी दिसतंय हे मला आधीच कळलं होतं. उज्जैनला आईला मी हातानं भरवलंय. ती शेवटी भिंतीकडे तोंड करून आमच्याशी बोलायची. तपासायला गेले आणि तेच निघालं तर, ही भीती होती. म्हणून दर दसऱ्याला मी तक्ता वाचायची, ते ‘ठीक’ लिहायचे आणि माझं वर्ष निभायचं. त्यांची चूक त्यांनी लिहिली. ही माझी.

तू आधी टिपणाचं कारण दिलंस, मग मार्चचं, आता एप्रिल म्हणतेस. सगळ्या राज्याचे डोळे मोजतेस आणि स्वतःचे मोजायला तुला सवड नाही. सवड नाही हे खोटं आहे, रेवती. तू माझी भाची आहेस, तुला भीती वाटते. गाडी डावीकडूनच खरचटते, हे वाक्य ऐकताना मंजूषाताई थांबल्या नाहीत, मी थांबले.

माझा शून्य राहिला तरी मला काही वाटणार नाही. मला या वयात काय किंमत करून घ्यायची आहे? तू मात्र उद्या सकाळी जा. नाही गेलीस तर मला पत्र पाठवू नकोस.

जाऊन आलीस की मग भरपूर लिही, माझी माया कुठं जात नाही.
तुझी मावशी,
प्रतिभा


पुणे, २ मार्च २०२५

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. हा एकच कागद आहे, काकांना सगळा मोठ्यानं वाचायला सांग.

काचबिंदू आहे. उजवा डोळा जवळजवळ शाबूत आहे. डाव्याचा वरचा, नाकाकडचा आणि कानाकडचाही बराच भाग गेलाय, तो परत येणार नाही. राहिलेला रोज रात्रीच्या एका थेंबावर राखता येईल असं डॉक्टर म्हणाल्या. थेंब जन्मभर घालायचा. दर सहा महिन्यांनी तपासणी. काका, तुम्ही नोव्हेंबरात सांगितलं तेव्हा गेले असते तर काय वेगळं झालं असतं, तेही मी विचारलं. तीन-चार महिन्यांत फारसं नाही, म्हणाल्या. हे बऱ्याच वर्षांचं आहे. तेव्हा ते ओझं घेऊ नका. आधीचंच पुरे आहे.

काढलेलं पान मी परत जोडलं आणि भोपाळला पाठवलं. मावशीचे तास त्यात आहेत, तुमचे अठरा हजार आहेत. साहेबांना फोटो हवा होता, म्हणून माझ्या डाव्या डोळ्याच्या परिघाचा नकाशा सोबत लावला. राखाडी कागदावर काळा डाग आहे. नाव झाकलेलं नाही. खालच्या टिपेत माझं वय, पगार आणि थेंबांचा खर्च लिहिला. मावशी, माझ्या पगारामुळं या पद्धतीत माझा तोटा लाखांत येतो आणि तुझा काकांचे अठरा हजार धरूनही त्याच्या पाव पट. मी हे कोष्टक चार महिने न अडखळता भरत होते, याची मला लाज वाटते. पान मान्य होईल की नाही, कळलेलं नाही. उत्तर आलेलं नाही.

रडले नाही. काका लिहितात तसंच झालं. दवाखान्यातून निघाले, रिक्षा केली, ऑफिसला गेले, दुपारची मीटिंग केली. घरी आल्यावर मग मावशीचं पत्र परत काढलं.

तपासणी कशी असते ते तुला माहीत आहे, काकांना माहीत नसेल. एक डोळा बांधतात. हनुवटी टेकवून एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात बघायचं, नजर मधोमध ठेवायची. आत इकडेतिकडे बारीक दिवे लागतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. उजवा डोळा भराभर झाला, मला गंमतही वाटली. मग डावा सोडला आणि उजवा बांधला. सुरुवातीला चार-सहा दिवे आले, मी दाबलं. मग यायचे थांबले. मी बटण धरून तशीच बसले. बराच वेळ गेला. शेवटी मीच तिथल्या बाईंना सांगितलं की तुमचं मशीन बंद पडलंय बहुतेक, आत काहीच लागत नाहीये.

त्या म्हणाल्या की मशीन चालू आहे, दिवे लागतायत.

तुझी,
रेवती